खंडेनवमीची हजेरी

रायपूरात तात्यापाऱ्याच्या चौकात नरहर बोरकुटे रोज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी येऊन उभा राहे. पायात पॉलिश केलेले बूट, कमरेले पट्टा, हातात तीन खणांचा डबा. अन् ज्या कामावर त्याले जायचं होतं ते काम त्याच्या पाठीमागं, दोन गल्ल्या सोडून, त्याच्याच घरात, बायकोच्या शिलाई मशीनवर ठेवलेलं होतं.

ज्याले माहीत नव्हतं त्याले वाटे, माणूस हापिसात जाऊन राहिला. ज्याले माहीत होतं तो दुसरीकडं पाहे. आठ वीस झाले का नरहर चालाले लागे. पुरानी बस्तीच्या गल्ल्यांतून देवळांच्या मागनं फिरून, बरोब्बर चाळीस मिनिटांनी, आपल्याच घराच्या दारावर येऊन बेल दाबे.

याले खूळ म्हणणारे म्हणोत. पण ते खूळ कसं लागलं ते आधी आयका, मंग म्हणा.

नरहर एक्कावन्न वर्षांचा. त्याचा बाप भंडाऱ्याकडच्या एका खेड्यातून रेल्वेत आला, वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर झाला, अन् रिटायर झाल्यावर तात्यापाऱ्यात दोन खोल्या अन् एक रांधणघर एवढं करून मेला. नरहरले रेल्वे काही लागली नाही. इकडंतिकडं टायपिंग करता करता नवं राज्य झालं, नवी राजधानी उठाले लागली, अन् तिकडच्या एका काचेच्या बिल्डिंगीत, एका कंपनीत त्याले काम भेटलं. काम असं, का गावोगावच्या वावरांचे फोटो येत. ते पाहायचे अन् चारपैकी एक बटन दाबायचं. धान उभं आहे, धान पडलं आहे, धान पाण्यात आहे, नाहीतं कळत नाही. चवथं बटन जास्त दाबलं का वरून बोलणी बसत. कोण्या फोटोत धानाऐवजी बैलाचा पुठ्ठाच असे, कोण्या फोटोत काढणाऱ्याचा आंगठा. तेव्हा आख्खी रांग हासे. जन्मात नांगराले हात न लावलेला हा माणूस दिवसाची तीनशे वावरं पाहे.

पण त्याचा दिवस त्या वावरांनी नव्हता बांधलेला. त्याले बांधलं होतं स्टाफबसनं. आठ वीसले चौकात बस. नीलकंठ डायवर दोनदा हारन मारे. डावीकडची तिसरी खिडकी नरहरची. शहर संपेस्तोवर गप्पा, अन् एकदा का नव्या रायपूरचा तो रुंद, सुनासुना रस्ता लागला, का सगळी बस झोपे. दीड वाजता डबे. सहा दहाले परत बस. येताना बायका मांडीवर मेथी निवडत, अन् घर येईस्तोवर भाजी तयार. अकरा वर्षं हे चाललं. या अकरा वर्षांत नरहरनं हाताले घड्याळ बांधलं नव्हतं. गरजच नव्हती.

मंग ते बिमारीचं वर्ष आलं अन् गेलं. बाकीची हापिसं उघडली, याचं काही उघडलं नाही. कंपनीच्या दिल्लीकडच्या साहेबांच्या ध्यानात आलं, का माणसं घरूनबी बटनं दाबू शकतात. काचेची बिल्डिंग सोडली, बस बंद केली, अन् एक दिवस खोक्यात लॅपटॉप घरी आला.

घरात तो ठेवायचा कुठं? खाटेवर बसून मान दुखे. टेबल एकच, ते पोरीचं, स्वरदाचं, कालेजच्या पुस्तकांखाली दबलेलं. राहिली विनोदिनीची शिलाई मशीन. विनोदिनी म्हणजे नरहरची बायको. पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बायकांचे ब्लाऊज शिवे. तिनं मशीन आत मुडपली, वर फळी टाकली, अन् म्हणाली, "घ्या. चार दिवसांची तं गोठ आहे."

चार दिवसांचे अठरा महिने झाले.

पयले पयले नरहरले बरं वाटलं. नऊले उठायचं अन् नऊलेच बसायचं. बनियनवर. चहा तिथंच, पोळी तिथंच. खरकटी ताटली मशीनच्या कडेले वाळत राहे. पायाखाली शिलाई मशीनचा पावडा होता, पट्टा काढून ठेवलेला. नरहरचे पाय तो उगाच हालवत राहत, खटर खटर, काही न शिवता. आंघोळ दुपारवर गेली, दुपारची संध्याकाळवर. सोमवार अन् गुरुवार एकाच तोंडाचे झाले. एकदा त्यानं रविवारी दीड तास वावरं पाहिली, तेव्हा स्वरदा म्हणाली, "पापा, आज संडे है." तो म्हणाला, "सांगायचं होतं ना मंग, पोट्टे." ती म्हणाली, "मुझे लगा आपको पता है."

त्या लॅपटॉपात कोपऱ्याले एक ठिपका होता. हात चालू तं ठिपका हिरवा. पाच मिनिटं हात थांबला का पिवळा. नऊपासून सहा दहापर्यंत ठिपका किती येळ हिरवा होता, ते रोज दिल्लीकडं जाय. नरहरले दुपारी डुलकी लागे, ठिपका पिवळा होय. मंग रात्री जेवण झाल्यावर पुन्हा बसून तो राहिलेली वावरं संपवे. त्याले वाटे, काम पुरं झालं. कामाची फिकीर कोणालेच नव्हती. फिकीर होती ठिपक्याची.

आगस्टात एक दिवस त्याचा साहेब फोनवर आला. अभिनव त्याचं नाव. वय अठ्ठावीस-तीस, बोलणं गोड, कधी चढल्या आवाजात बोलला नाही.

"नरहर जी, आपका नाम लिस्ट में आ गया है."

"कौन सी लिस्ट, सर?"

"सुधार वाली. आपका ग्रीन एकहत्तर परसेंट है. पैंतालीस वर्किंग डे मिलेंगे, एवरेज नब्बे चाहिए. नब्बे आ गया तो नाम हट जाएगा."

"और नहीं आया तो?"

"तो भी हट जाएगा, सर. मतलब... पूरा ही हट जाएगा." अन् पोट्टा स्वतःच शरमून हासला.

तो फोन नरहरनं उभ्यानं आयकला. मंग खाटेवर बसला. एक्कावन्न वय. वावराचे फोटो पाहणं याशिवाय हाताले दुसरा धंदा नाही. टायपिंग आता पोट्ट्यांच्या फोनातच होते. हे काम गेलं का दुसरं भेटायचं नाही, हे त्याले कोणी सांगाची गरज नव्हती. श्रीपादले भेटलं नव्हतं. श्रीपाद म्हणजे बसमधला त्याच्या मागच्या शीटवरचा. त्याचं नाव फागणातच हटलं होतं. तेव्हापासून तो कोणाचा फोन उचलत नव्हता.

दोन दिवस नरहर नुसता बोट हालवत ठिपक्याकडं टक लावून बसला. ठिपका हिरवा राहिला, पण काम होईना, अन् डोळ्यांतनं पाणी येई. तिसऱ्या दिवशी सकाळी नळ आला तेव्हा तो जागा होता. विनोदिनी गुंड भरून राहिली होती. पाण्याचा आवाज आयकता आयकता त्याच्या डोक्यात उजेड पडला. दिवस मोडला होता तो बस गेल्यापासून. मंग बस पायजे.

"स्वरदाची माय, उद्यापासून मले डबा दे."

"कुठं निघाले?"

"हापिसात."

विनोदिनीनं गुंड खाली ठेवला. "कोणतं हापीस?"

"हेच," त्यानं शिलाई मशीन दाखवली.

"अवो, डोकं गीकं फिरलं का? इथं बसून इथंच जेवायचं, त्याले डबा? ताटातली पोळी कडू लागते का?"

"कडू नाही लागत. पण कवा खाल्ली ते ध्यानात राहत नाही."

ती लय बोलली. पण दुसऱ्या दिवशी तीन खणांचा डबा भरला. वरच्या खणात चटणीबी टाकली, पयल्यासारखी.

अन् मंग ते सुरू झालं. साडेपाचले उठणं. नळ यायच्या आत आंघोळ. इस्त्रीचा शर्ट. आठ दहाले चौक. नऊले बेल. बेल वाजली का विनोदिनीनं दार उघडायचं अन् बाजूले व्हायचं, बोलायचं नाही. दीड वाजता नरहर डबा घेऊन जिन्यात जाय अन् तिसऱ्या पायरीवर बसून खाय. अर्धा तास जेवणाचा, तो ठिपक्याच्या हिशेबात नव्हता. दुपारी खिडकीतून येणारं ऊन फरशीच्या चवथ्या चौकटीवर आलं का उठून तोंडाले पाणी मारे, म्हणजे डुलकी येत नसे. सहा दहाले लॅपटॉप मिटे, बूट घाले, पुन्हा चाळीस मिनिटं चालून येई. तेवढ्यात विनोदिनी फळी काढे, मशीन वर घे, पट्टा चढवे, अन् ब्लाऊजले बसे. तिचाबी दिवस त्याच्यासंगं सुधारला. अठरा महिन्यांत पयल्यांदा तिचं गिऱ्हाईक येळेवर कपडे घेऊन गेलं.

पाऱ्यात हासणं झालंच. समोरची कांताबाई वट्ट्यावर बसून राहे. ती म्हणे, "काय हो बोरकुटे, आज बस लेट आहे का?"

नरहर म्हणे, "नाही, आज मीच लवकर आलो."

एका सकाळी चौकात नीलकंठ भेटला. बस गेल्यापासून तो ई-रिक्षा चालवत होता. यानं त्याले पाहिलं, त्यानं याले.

"साहब! किधर जाना है? बैठो, छोड़ देता हूँ."

"नाही रे नीलकंठ. मी बसची वाट पाहून राहिलो."

नीलकंठ मराठी बोलत नसे, पण अकरा वर्षांत समजे सगळं. त्यानं डब्याकडं पाहिलं, बुटांकडं पाहिलं. हासला नाही. "हव साहब," एवढंच म्हणाला, अन् जाता जाता रिक्षाचा भोंगा दोनदा वाजवून गेला.

आकडा चढला. पयल्या हप्त्यात चौऱ्याऐंशी, मंग एकोणनव्वद, मंग रोज ब्याण्णव, त्र्याण्णव. बेचाळीस दिवस भरले त्या सोमवारी एव्हरेज एक्क्याण्णव होतं. तीन दिवस राहिले होते. नरहरच्या तोंडावर मांस आलं. तो जेवताना बोलाले लागला. रात्री पडला का झोपे. दिवसाले तोंड अन् शेपूट आलं होतं, अन् मधात पोट.

अन् त्या सोमवारच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, खंडेनवमी होती.

आता हे आमच्या लोकांचं सांगतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारं पूजतात. ज्याचं जे हत्यार असंल ते. घासूनपुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडूचं फूल ठेवायचं, अन् मंग त्या दिवशी त्याले हात लावायचा नाही. नरहरचा बाप कारखान्यात विश्वकर्म्याची पूजा सगळ्यांसंगं करे, प्रसाद खाय, पण घरच्या पान्यांची पूजा खंडेनवमीलेच. त्या दिवशी नळ गळत असला तरी गळू दे. शेजारचा सायकल घेऊन आला तरी उद्या ये. बाप म्हणे, "वर्षभर मी याले कामाले लावतो. एक दिवस यालेबी पडू द्या."

हापिसातबी हेच होतं. बसमध्ये निम्मे मराठी. खंडेनवमीले नीलकंठ बस धुऊन, हार घालून आणे. सगळ्या कम्प्युटरांना टिकली लागे, लाह्या अन् गूळ वाटला जाय, अन् दुपारी बारा वाजता बस परत फिरे. सुट्टी नव्हती ती. सुट्टीचा अर्ज कोणीच दिला नव्हता कधी. हजेरी पुरी लागे. मशीनचं काम बंद, माणसाची हजेरी चालू, असा तो दिवस.

अठरा महिन्यांत मधली एक खंडेनवमी येऊन गेली होती, पण तेव्हा नरहरले कोणता वार आहे तेच माहीत नसे. त्या दिवशीबी तो बनियनवर बटनं दाबत बसला होता. या वर्षी तसं नव्हतं. या वर्षी त्याचा दिवस त्याच्या हातात होता. ज्या माणसानं बस परत आणली, तो खंडेनवमी काहून सोडंल?

सोमवारी सहाच्या सुमारास त्यानं हापिसाच्या ग्रुपवर लिहिलं: "कल खंडेनवमी है. मशीन की पूजा रहेगी. सभी को शुभकामना." खाली चारपाच जणांनी हात जोडले. त्यात अभिनवचेबी हात होते.

सकाळी विनोदिनीनं पाट मांडला. तिची शिलाई मशीन घासून चकाचक केली. कातर, विळी, पोरीचं कंपासपेटीतलं सगळं सामान. नरहरनं लॅपटॉप मऊ फडक्यानं पुसला, मिटला, पाटावर ठेवला. विनोदिनीच्या हातात हळदकुंकवाची वाटी होती.

"अवो, हा आज बंद ठेवता?"

"हाव."

"तीन दिवस राहिले म्हणत होते ना? आज पूजा करून मंग उघडा. देवाले काय कळते?"

"देवाचं नाही ते. हत्याराचं आहे."

"साहेबाले विचारलं का?"

नरहरनं फोन दाखवला. अभिनवचे जोडलेले हात. विनोदिनीनं पाहिले.

"हेच हात मी लोकाच्या तेरवीलेबी पाठवते," ती म्हणाली.

"तू काहून अपशकुनी बोलतेस? हापिसात अकरा वर्षं असंच होतं. हजेरी लागते."

"तवा हापीस होतं."

"आताबी हापीसच आहे," तो म्हणाला. आवाज थोडा चढला. विनोदिनीनं लॅपटॉपच्या झाकणावर पाच बोटं हळदीची, पाच कुंकवाची ओढली. वर झेंडू ठेवला. नरहरनं फोटो काढून ग्रुपवर टाकला. पुन्हा हात आले. या खेपेले अभिनवनं हातासंगं एक फूलबी पाठवलं.

तो दिवस लय झाक गेला, हे खोटं काहून सांगू? नरहर चौकात गेला नाही. नळाच्या पाण्यानं वट्टा धुतला. दुपारी पुरणावर तूप घेऊन जेवला अन् फरशीवर आडवा झाला, कोणतीच चौकट न पाहता. संध्याकाळी तिघं पुरानी बस्तीत देवीच्या दर्शनाले गेले. स्वरदानं गर्दीत त्याच्या शर्टाची बाही धरली, लहान होती तेव्हा धरे तशी. येताना तो विनोदिनीले म्हणाला, "आता जमलं मले. दिवाळीनंतरबी असंच ठेवतो." ती चालताना त्याच्या जवळून चालली.

बुधवारी दसरा, कंपनीलेच सुट्टी. गुरुवारी नऊले बेल वाजली, दार उघडलं, नरहर बसला, लॅपटॉप उघडला. एव्हरेज अठ्ठ्याऐंशीवर होतं.

त्याले वाटलं, मशीनची चूक आहे. त्यानं मंगळवार उघडून पाहिला. मंगळवारच्या रकान्यात शून्य होतं. हजर का गैरहजर असं काहीच लिहिलेलं नव्हतं. नुसतं शून्य.

त्यानं फोन लावला.

"सर, मंगल को पूजा थी. मैंने ग्रुप में डाला था."

"हाँ नरहर जी, देखा था. बहुत सुंदर फोटो थी."

"आपने हात जोडे थे, सर."

"वो तो..." अभिनव थांबला. "वो तो मैंने नमस्ते किया था, सर. पूजा को. आपने छुट्टी कहाँ लगाई?"

"छुट्टी नहीं थी. हाजिरी थी. इधर हमेशा ऐसा ही होता था."

"किधर?"

ती काचेची बिल्डिंग आता दुसऱ्याच कोणाले भाड्यानं दिली होती.

"अब लगा देता हूँ, सर. मंगल की."

"सिस्टम पीछे की तारीख लेता ही नहीं. एक दिन पहले लगानी पड़ती है. मैं आपको बचाना चाहता हूँ, सच में. पर ये मेरे हाथ में नहीं, कैलकुलेट होके आता है." मंग तो हळूच म्हणाला, "एक बार मुझे फोन कर लेते. दो मिनट का काम था."

नरहरनं फोन ठेवला अन् स्वरदाच्या वहीचं मागचं पान फाडलं. पंचेचाळीस दिवसांचे नव्वदप्रमाणं चार हजार पन्नास पायजे. बेचाळीस दिवसांचे तीन हजार आठशे बावीस झाले होते. शून्य मिळवून तेवढेच. राहिले दोन दिवस, शंभर शंभर धरले, तरी चार हजार बावीस. अठ्ठावीस कमी. त्यानं पुन्हा केलं. अठ्ठावीसच. कोणाच्या बापानं दोन दिवसांत शंभराच्या वर काम केलं तरी शंभरच धरणार होते.

ठिपका पिवळा व्हाले आला होता. त्यानं बोट लावून हिरवाच ठेवला.

विनोदिनीले त्यानं दीड वाजता सांगितलं, जिन्यात, डबा न उघडता. तिनं "मी म्हटलं होतं" असं म्हटलं नाही. ती तिथंच वरच्या पायरीवर बसली. म्हणाली, "खाऊन घ्या. दोन वाजतील."

अन् त्यानं खाल्लं.

आता कोणी म्हणंल, जे होणार ते ठरलं होतं, तं मंग उरलेले दोन दिवस त्यानं काहून केले? बूट फेकायचे, झोपायचं. विनोदिनीबी म्हणाली, "उद्या चौकात नोका जाऊ. पाऊस आहे." पण शुक्रवारी तो गेला. छत्री घेऊन गेला. आठ वीसपर्यंत उभा राहिला, पुरानी बस्तीतून फिरला, नऊले बेल दाबली. गुरुवारी शंभर भरले, शुक्रवारीबी शंभरावरच होतं. इतके दिवस एकदाबी शंभर झाले नव्हते. ते आता झाले. त्यानं चहा टाळला, लघवीले धावत गेला, धावत आला. त्याच्या मनात आस होती असंबी नाही. हिशेब त्यानं चारदा केला होता. पण त्या गड्याजवळ दुसरा दिवस नव्हता. दिवस म्हणजे हेच, असं त्याच्या हाडात बसलं होतं, अन् हेच संपलं का पुढं नळ, ऊन, जिना, चौक, सगळं नुसतं नळ, ऊन, जिना अन् चौक राहणार होतं.

शुक्रवारी चार वाजून छप्पन मिनिटांनी त्याच्यासमोर एक वावर होतं. बांधाच्या कडेनं धान उभं, मधात पसरलेलं. पसरलं ते वाऱ्यानं का ढोरानं, हे पाहाले तो पुढं वाकला. तेवढ्यात फोटो गेला. पडदा पांढरा झाला अन् त्यावर इंग्रजीत दोन ओळी आल्या, का तुमचं खातं बंद झालं आहे, तुमच्या सेवेबद्दल आभार, यंत्र घ्याले आमचा माणूस येईल. सहा दहापर्यंत थांबायची शिस्त तिकडच्या मशीनले नव्हती.

नरहरनं बटनं दाबून पाहिली. काही झालं नाही. कोपऱ्यात ठिपकाच नव्हता, हिरवाबी नाही अन् पिवळाबी नाही. त्यानं हात मांडीवर घेतले. पाय पावड्यावर होते, तेबी थांबले.

विनोदिनी चहा घेऊन आली. पडदा पाहून तिले समजलं. तिच्या काखेत कापून ठेवलेल्या ब्लाऊजची गुंडाळी होती. कांताबाईच्या सुनेचा ब्लाऊज, शनिवारी द्यायचा होता. ती हळूच म्हणाली, "अवो. झालं ना आता?"

त्यानं अजून एक बटन दाबून पाहिलं.

"उचलून ठेवू का हे? मी मशीन वर घेते. उद्याचा द्यायचा आहे."

"सहा दहा होऊ दे," नरहर म्हणाला.

"सहा दहाले काय आहे आता?"

"होऊ दे म्हटलं ना."

तिनं चहा फळीवर ठेवला. स्वरदा कालेजातून आली, दारातच समजली, अन् चपला हातात घेऊन आत गेली. विनोदिनी रांधणघराच्या उंबऱ्यावर बसून हातानंच ब्लाऊजच्या गळ्याले टाके घालाले लागली. बाहेर अंधारून आलं तरी तिनं दिवा लावला नाही, अन् त्यानं मागितला नाही. पांढऱ्या पडद्याचा उजेड त्याच्या शर्टावर पडला होता. तो ताठ बसला होता, शर्टाची वरची गुंडी लावून.

साडेपाचच्या सुमारास ती उठली. फळीवरच्या कपाले हात लावून पाहिलं. चहा थंड झाला होता, वर साय आली होती. तिनं तो नेऊन चहाच्या गंजात परत ओतला अन् चूल न पेटवता, सहा दहा व्हायची वाट पाहत, उंबऱ्यावर येऊन बसली.